पाऊण तासाचा बॅले आणि पैशांचा प्रश्न

पत्र:

"मी लहानपणापासून बॅले शिकले, काही वर्षं एका कंपनीत नाचले आणि आता स्वतः नृत्यरचना करते. बंद पडलेल्या वेधशाळेत राहणाऱ्या दोन बहिणींवरचा पाऊण तासाचा समकालीन बॅले माझ्या वहीत पूर्ण तयार आहे. आठ नर्तक लागतील. संगीतकार मित्र त्यासाठी नवं संगीत लिहितोय आणि पाच वादकांनी ते प्रत्यक्ष वाजवावं असा त्याचा आग्रह आहे. मी अंदाजपत्रक केलं. त्यातला तिसरा हिस्सा नेपथ्य आणि वेशभूषेला जातो, कारण वेधशाळेचा फिरता घुमट मला रंगमंचावर हवाच आहे. नर्तकांच्या रकान्यात शून्य आहे. ते फुकट नाचायला तयार आहेत. बाकी पैशांसाठी घर तारण ठेवून कर्ज काढावं आणि दोन प्रयोगांच्या तिकिटांतून ते फेडावं, असा विचार आहे. लोकांकडे पैसे मागणं मला जमत नाही, फार संकोच वाटतो. कर्ज काढू का? नाहीतर हे पैसे आणायचे तरी कुठून?"

प्रिय मैत्रीण,

कर्ज काढू नका. घर तारण ठेवून तर मुळीच नको. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या बेतातल्या बाकी सगळ्या गोष्टी दुरुस्त करता येण्यासारख्या आहेत. घर एकदा गुंतलं की मग मागे फिरता येत नाही.

कर्जफेडीचा सगळा भार तुम्ही तिकिटांवर टाकला आहे. तिकिटांतून काय निघतं ते बारकाईने पाहा. त्या संध्याकाळचं नाट्यगृहाचं भाडं, तंत्रज्ञ, वादक आणि नर्तकांचं त्या दिवसाचं मानधन एवढं निघालं तरी तिकीटविक्रीने आपलं काम केलं असं समजायचं. त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांच्या तालमी, संगीतलेखन, शिवलेले कपडे हे सगळं दोन प्रयोगांतून फिटत नाही. सगळ्या खुर्च्या भरल्या तरी नाही. शिवाय कुणी न पाहिलेल्या नव्या बॅलेला सगळ्या खुर्च्या भरतील असं धरूच नये. निम्म्या भरतील असं धरून हिशेब मांडा.

तिकिटांचा हा भरवसा फार मोठ्या माणसांनाही महागात पडला आहे. ‘बॅले रूस’ या गाजलेल्या कंपनीचे संचालक सेर्गेई दियागिलेव यांनी नोव्हेंबर १९२१ मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ हा बॅले आणला. लेऑन बाक्स्ट यांचं डोळे दिपवणारं नेपथ्य आणि पोशाख, जोडीला नामवंत नर्तक. पैसे नाट्यगृहाचे चालक ऑस्वल्ड स्टॉल यांनी आगाऊ दिले होते आणि ते तिकीटविक्रीतून वसूल व्हायचे होते. शंभराहून जास्त प्रयोग झाले, तरी रक्कम निघाली नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये खेळ बंद पडला आणि नेपथ्य-पोशाख स्टॉल यांनी वसुलीपोटी ठेवून घेतले. पुढे ब्रिटिश बॅलेवर त्या निर्मितीचा मोठा प्रभाव पडला, म्हणजे काम कमअस्सल नव्हतं. ज्यांच्याकडे शंभर प्रयोग होते त्यांची ही गत, आणि तुमच्याकडे दोन आहेत.

यामागचं कारण विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नीट मांडून दाखवलं. कारखान्यात यंत्रं सुधारली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो. रंगमंचावर तसं होत नाही. आठ नर्तकांचा पाऊण तासाचा बॅले बसवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागला असता, जवळपास तेवढाच आजही लागतो. बाकी जगातले पगार वाढतात तसा नर्तकाच्या जगण्याचा खर्चही वाढतो, आणि खर्च आणि तिकीट यांच्यातलं अंतर रुंदावत जातं. ते अंतर कुणीतरी बाहेरून भरायचं असतं. त्यामुळे तुम्हाला पैसे मागावे लागतात यात तुमची कसलीही नामुष्की नाही. नवा बॅले नेहमी असाच उभा राहत आला आहे. १९२० साली ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ हा बॅले नव्या नृत्यरचनेसह पुन्हा उभा करायला फॅशनकार कोको शानेल यांनी मोठी रक्कम दिली. धनाढ्य आश्रयदात्या विनारेटा सिंगर-पोलिन्याक यांनी नवं संगीत लिहून घेण्यासाठी आपली संपत्ती वापरली. त्यांच्याकडेही कुणीतरी जाऊन बोललंच असणार.

तुमच्या अंदाजपत्रकात माझी नजर अडकली ती नर्तकांच्या रकान्यातल्या शून्यावर. हे शून्य काढून टाका. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे उभे करण्याचा सगळा प्रश्न मला याच रकान्यात दिसतो.

तुमचे नर्तक मनापासून हो म्हणाले असतील, याबद्दल शंका नाही. पण चौथ्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाला पैसे देणारं काम मिळेल आणि तो जाईल. त्याने जावंच, त्याला घरभाडं भरायचं आहे. मग त्याच्याबरोबरची द्वंद्वनृत्यं नव्याने बसवायची, उचलण्याच्या जागा नव्या शरीराच्या मापाने शोधायच्या आणि दोन आठवडे वाया घालवायचे. कुणाचा घोटा मुरगळला तर उपचाराचा खर्च कोण करणार, हेही ठरलेलं नसतं. फुकट तालमीला उशिरा आलेल्याला तुम्ही काही बोलूही शकत नाही.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. देणगीदार विचारतो, माझे पैसे नक्की कशाला लागणार? तुमच्या आजच्या कागदावर त्याचं उत्तर आहे घुमट. प्रयोग संपल्यावर तो घुमट कुठल्यातरी गोदामात जाऊन पडेल आणि त्याचं भाडंही तुम्हीच भराल. "एका नर्तिकेचा एका आठवड्याचा तालमीचा मोबदला" हे उत्तर देऊन बघा. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. काम कोण करणार, किती दिवस करणार, आपल्या पैशाने काय घडणार, सगळं त्यात आलं. नव्या बॅलेसाठी पैसे मागणं म्हणजे नर्तकांचा वेळ मागणं, आणि तुम्ही नेमकी तीच गोष्ट कागदावरून पुसून टाकली आहे.

पूर्ण दराने देणं जमत नसेल तर कमी द्या, पण आठही जणांना सारखं द्या, तासांची मर्यादा लिहून द्या आणि वेळेवर द्या. आठांना देणं झेपत नसेल तर सहांचा बॅले करा.

एवढ्या आकाराच्या कामाचं अंदाजपत्रक मी केलं तर शंभरातले पंचेचाळीस भाग नर्तकांच्या आणि तुमच्या मोबदल्याला ठेवेन. हो, तुमच्याही. संगीताला बारा, नाट्यगृह आणि तिथल्या तांत्रिक तालमींना बारा. वेशभूषा, पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचण्यासाठीचे बूट) आणि नेपथ्य मिळून आठ. प्रकाशयोजनेला पाच, प्रसिद्धी-छायाचित्रं-चित्रीकरणाला पाच, विमा आणि फिजिओथेरपिस्टला तीन. उरलेले दहा अचानक येणाऱ्या खर्चासाठी. त्यांना शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावायचा नाही. पाच-दहा भाग इकडचे तिकडे होतील. निम्म्याच्या आसपास रक्कम माणसांच्या वेळेला जात नसेल तर मात्र पुन्हा हिशेबाला बसा. पॉइंट शूजकडे तेवढं लक्ष द्या. व्यावसायिक नर्तिकेची एखादी जोडी एका प्रयोगातच मऊ पडते, आणि तालमींतल्या जोड्या तर नवखे लोक धरायलाच विसरतात.

घुमटाचं काय, असं तुम्ही विचाराल. तुमची ही कल्पना मला फार आवडली आहे, म्हणूनच ती लाकूड-लोखंडात अडकावी असं वाटत नाही. अमेरिकन नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम यांचा ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ हा बॅले पाहा. त्यातही आठच नर्तक. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या संगीताच्या आश्रयदात्या बाईंच्या प्रतिष्ठानाने तो करवून घेतला आणि ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छोट्या सभागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. जागा लहान, म्हणून संगीतकार ॲरन कोपलंड यांनी संगीत फक्त तेरा वाद्यांसाठी लिहिलं. त्यांचं मानधन होतं ५०० डॉलर. नेपथ्य करणारे शिल्पकार इसामु नोगुची यांनी घर बांधलं नाही, घराची रेघारेघांची चौकट, कुंपणाचा तुकडा आणि एक खुर्ची एवढ्यावर भागवलं. पुढच्याच वर्षी कोपलंड यांना त्या संगीतासाठी पुलित्झर मिळालं. त्या तेरा वाद्यांचा स्वच्छ, मोकळा नाद अडचणीतूनच जन्मला. तुमच्या वेधशाळेला घुमटाच्या फटीतून येऊन जमिनीवरून सावकाश सरकणारा प्रकाशाचा एक पट्टा पुरेल का? चांगल्या प्रकाशयोजनाकाराबरोबर बसून हा प्रश्न सोडवा. नर्तिका त्या पट्ट्यात शिरली आणि बाहेर पडली की घुमट फिरतोय हे प्रेक्षकाला कळेल.

आता पैसे आणण्याबद्दल. पाऊण तासाच्या बॅलेसाठी आज कुणाकडेही जाऊ नका. तुमच्या वहीतलं तुम्हाला दिसतं, समोरच्याला दिसत नाही. कथानक सांगून तर नृत्य अजिबातच दिसत नाही. आधी दहा मिनिटं तयार करा. सुरुवातीची दहा मिनिटं घेऊ नका, दोन बहिणींचं द्वंद्वनृत्य घ्या. त्याला दोनच नर्तिका लागतात आणि बॅलेचा जीव बहुधा तिथेच असेल. दोन आठवड्यांच्या तालमी, भाड्याचा स्टुडिओ, संगीतकाराने ध्वनिमुद्रित करून दिलेला कच्चा आराखडा आणि रोजचे तालमीचे कपडे. शेवटच्या दिवशी तीस-चाळीस माणसांना स्टुडिओतच बोलावून दाखवा. एवढ्याचा खर्च सगळ्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसतो. स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला, आणि गेले तरी घर हलणार नाही एवढेच घाला.

असं कच्चं दाखवायला कमीपणा मानू नका. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन अमेरिकेत आल्यावर त्यांनी रचलेला पहिला बॅले ‘सेरेनेड’. पहिल्या दिवशी सतरा मुली हजर होत्या, म्हणून सुरुवातीची रचना सतरा जणींची. कुणी उशिरा आली, कुणी पडली, तेही बॅलेत आलं. जून १९३४ मध्ये तो पहिल्यांदा सादर झाला तेव्हा नाचणाऱ्या विद्यार्थिनी होत्या आणि जागा होती पाठीराख्या वॉरबर्ग कुटुंबाच्या घराचं आवार. त्याच रचनेचे आज जगभरातल्या कंपन्या प्रयोग करतात.

त्या दहा मिनिटांचं चित्रीकरण मात्र हयगय न करता करा. एक कॅमेरा स्थिर, संपूर्ण शरीर आणि पावलं चौकटीत ठेवणारा. संगीत थेट ध्वनियंत्रणेतून घ्या, खोलीतला घुमणारा आवाज नको. झटपट तुकडे जोडून केलेली जाहिरातवजा फीत निवड समितीच्या कामाची नसते. त्यांना रचना सलग पाहायची असते, आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ढिली असली तर पुढचं बघायचा उत्साह राहत नाही.

मग मागायचं. तुमचा संकोच मी हलक्यात घेत नाही. वर्षानुवर्षं आरशासमोर काम करणाऱ्या माणसाला स्वतःसाठी बोलणं जड जातं. म्हणून बोलणं आधी ठरवून ठेवा. स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाला आठवड्याच्या आत फोन करा, शक्य तर भेटा. आधी त्यांना काय दिसलं ते विचारा आणि खरंच ऐका. बॅलेलाही त्याचा उपयोग होईल. मग सरळ सांगा: "हा पाऊण तासाचा करायला मला आठ नर्तकांचे सहा आठवडे हवेत. त्यातला एका नर्तिकेचा एक आठवडा तुम्ही उचलाल का?" रक्कम सांगा आणि थांबा. घाईघाईने "नाही जमलं तरी चालेल हं" असं जोडू नका. त्या वाक्याने समोरच्याची सुटका होते आणि तुमचीही, पण बॅले जागच्या जागी राहतो. नकार आला तर आभार माना आणि आणखी कुणाशी बोलावं ते विचारा. पैसे न देणारी माणसंही पुष्कळदा योग्य दार दाखवतात.

कुणाला बोलवायचं? तुमचे जुने गुरू आणि कंपनीतले सहकारी, तुम्ही शिकवत असाल तर विद्यार्थ्यांचे पालक, नर्तकांवर उपचार करणारे डॉक्टर, नियमित नाटक-संगीत पाहणारी माणसं. संगीतकाराची यादी वेगळी, वेशभूषाकाराची वेगळी, नर्तकांची तर आठ वेगळ्या. एकट्या तुमच्या ओळखीवर हे उभं करायचं नाही. दुसऱ्या कलांतल्या मित्रांनाही सामील करून घ्या. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्याला पैसे हवे होते तेव्हा संगीतकार जॉन केज आणि चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९६३ साली एक प्रतिष्ठान काढलं. चित्रकारांनी आपली कामं विकायला दिली आणि त्या विक्रीतून पैसा उभा राहिला. तुमच्या ओळखीत चित्रकार, छायाचित्रकार, शिल्पकार असतील तर त्यांच्याकडून रोख मागू नका, एकेक काम मागा. त्यांना ते देणं सोपं जातं.

देणगीदारांपेक्षा सभासद मिळवता आले तर आणखी चांगलं. बॅलन्शिन आणि त्यांचे पाठीराखे लिंकन कर्स्टीन यांनी १९४६ साली बॅले सोसायटी काढली ती सभासदांच्या वर्गणीवर. लोकांनी वर्षाचे पैसे आधी भरले आणि त्या भरवशावर नवी कामं झाली. दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या सिटी सेंटर या नाट्यगृहाच्या मॉर्टन बॉम यांनी ती कामं पाहिली, जागा देऊ केली आणि त्यातून न्यूयॉर्क सिटी बॅले उभी राहिली. तुम्हाला चाळीस-पन्नास सभासद पुरतील. त्यांना वर्षातून तीन-चार वेळा तालमीला बोलवा, रंगीत तालमीला बसवा, संगीतकाराशी गप्पा ठेवा. ज्याने तिसऱ्या आठवड्यात नर्तिकेला उचलण्याची एखादी हालचाल फसताना पाहिली, तो पहिल्या प्रयोगाला चार माणसं घेऊन येतो.

क्राउडफंडिंगबद्दल, म्हणजे इंटरनेटवर खुलं आवाहन करून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याबद्दल, लोक फार आशेने विचारतात. ते करा, पण त्याच्यावर विसंबू नका, आणि ते दहा मिनिटं दाखवून आणि ओळखीच्यांकडे मागून झाल्यावर, तिसऱ्या टप्प्यात करा. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी ठरवलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे हातात येतात, नाहीतर काहीच नाही. यश मिळालं तर पाच टक्के त्यांचे आणि पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. म्हणून लक्ष्य लहान ठेवा, मुदत महिनाभराची ठेवा आणि आवाहन खुलं करण्याआधीच निदान तिसरा हिस्सा देणारी माणसं पक्की करा. पहिल्या दोन दिवसांत आकडा हलला नाही तर अनोळखी माणूस थांबत नाही. भेटवस्तूंच्या भरीला पडू नका. छापील कपडे, पेले आणि ते पाठवण्याचा खर्च यात जमलेले पैसे जातात. वापरून झालेल्या पॉइंट शूजवर नर्तिकेची सही, संगीतकाराच्या हस्तलिखिताचं एक पान, तालमीला बसण्याचं आमंत्रण एवढं पुष्कळ.

अनुदानांचा रस्ता संथ आहे. अर्जापासून पैसे हाती येईपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जातं, म्हणून अर्ज आजपासून शोधायला लागा. एकच मोठा अर्ज करण्याऐवजी कामाचे तुकडे पाडा. नवं संगीत लिहून घेण्यासाठी वेगळे निधी असतात, नृत्यनिर्मितीसाठी वेगळे, मुलांसाठीच्या कार्यशाळांसाठी वेगळे. अर्जात काव्यमय भाषा टाळा. कोण, किती आठवडे, कुठे, कुणासाठी, हे लिहा आणि अंदाजपत्रकातला प्रत्येक आकडा मजकुरातल्या एखाद्या वाक्याशी जुळवा. वाचणारे ते जुळवून पाहतात. अनेक निधी व्यक्तीला पैसे देत नाहीत, नोंदणीकृत ना-नफा संस्थेलाच देतात. तुमची संस्था नसेल तर तुमच्या वतीने पैसे स्वीकारायला तयार असलेली संस्था शोधा. अशा संस्था व्यवस्थापनासाठी काही टक्के ठेवून घेतात. किती, आणि हिशेब कोण ठेवणार, हे करारात असू द्या.

रोख रकमेइतकीच कामाची गोष्ट म्हणजे जागा. काही नाट्यगृहं आणि नृत्यसंस्था कलाकाराला काही आठवडे स्टुडिओ देतात आणि बदल्यात तिथे एक प्रयोग किंवा खुली तालीम मागतात. दोन-तीन नाट्यगृहांनी मिळून एखाद्या निर्मितीत पैसे घालायचे आणि प्रत्येकाने आपल्याकडे प्रयोग लावायचे, हाही रुळलेला मार्ग आहे. त्यात तुमचे दोनाचे सहा प्रयोग होतात. नाट्यगृहाकडे जाताना "तारीख द्या" म्हणू नका, "ही दहा मिनिटं बघा" म्हणा.

कंपन्यांच्या प्रायोजकत्वामागे फार धावू नका. नव्या, नाव नसलेल्या बॅलेला ते क्वचितच मिळतं. ओळखीतून मिळालं तर घ्या, फक्त बोधचिन्ह कुठे आणि केवढं, ते लेखी ठरवा.

संगीतकार मित्राशी करार करा. मैत्री आहे म्हणूनच करा. मानधन किती आणि कधी, ध्वनिमुद्रण तालमीत आणि दौऱ्यात वापरता येईल का, किती वर्षं, चित्रफितीत चालेल का. मैफलीत ते संगीत स्वतंत्रपणे वाजवण्याचा हक्क त्याच्याकडे राहू द्या. कोपलंड यांनीही आपल्या बॅलेच्या संगीतातून पुढे वाद्यवृंदासाठी वेगळी रचना केली, आणि बॅले न पाहिलेल्या लोकांपर्यंतही ते संगीत पोचलं. मध्ये कुठे दुसऱ्या कुणाच्या संगीताचा तुकडा वापरायचा मोह झाला तर सावध. रंगमंचीय नृत्यासाठी संगीत वापरायचं तर सर्वसाधारण वादन-परवाना सहसा पुरत नाही, संगीतकार किंवा प्रकाशकाकडून थेट परवानगी लागते. ती हातात येण्याआधी त्यावर एकही पाऊल रचू नका. पाच वादकांचा आग्रह मला रास्त वाटतो. प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतावर नर्तक वेगळा श्वास घेतात. पण त्या वादकांच्या खर्चासाठीचा अर्ज आणि भेटीगाठी त्याने कराव्यात. तो निधी जमला नाही तर पहिला प्रयोग ध्वनिमुद्रणावर होईल, हे त्याला आजच सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगितलंत तर मैत्रीही दुखावेल.

नाट्यगृहाची तारीख कधी घ्यायची? साठ टक्के रक्कम बँकेत आल्यावर. कबूल झालेली रक्कम धरू नका. तारखेच्या बरोबर तीन महिने आधी एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी संगीतकार, नर्तक आणि हिशेब बघणारी एक शांत डोक्याची व्यक्ती यांना घेऊन बसा. हिशेब तुम्ही एकटीने बघू नका. रचना करणाऱ्याला प्रत्येक तूट भरून निघेलसं वाटतं.

त्या दिवशीही उरलेले पैसे आलेले नसतील, तर बॅले रद्द करू नका आणि त्यांच्यासाठी धावतपळत कर्जही शोधू नका. वीस मिनिटांचा भाग निवडा, चार नर्तक घ्या आणि तुमच्यासारख्याच अडलेल्या आणखी दोन रचनाकारांबरोबर एकाच संध्याकाळी सादर करा. तीन छोटे बॅले एका कार्यक्रमात करणं ही या कलेतली जुनी रीत आहे; भाडं आणि प्रसिद्धीचा खर्च तिघांत वाटला जातो. तसं ठरलं की पैसे देणाऱ्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात पत्र पाठवा. काय बदललं, त्यांचे पैसे आता कुठे लागणार, उरलेली पंचवीस मिनिटं कधी करायचा विचार आहे, हे त्यात लिहा. पैसे परत हवे असतील तर मिळतील, असंही लिहा. चित्रीकरण पुन्हा नीट करा आणि पुढच्या अर्जाला या वेळी वीस मिनिटांची फीत जोडा.